ऊन एकच, चटका निराळा!

बालमित्रांनो, मे महिन्यात भर दुपारी समुद्रकिनारी अनवाणी चालून पाहिले आहे का? वाळूचा असा चटका बसतो की आपण धावतच पाणी गाठतो. पाणी मात्र गार! सूर्य तोच, ऊनही तेच. मग हा फरक कशामुळे?

एक किलो पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात सुमारे पाच किलो कोरडी वाळू तितकीच तापते. शिवाय लाटांमुळे वरचे तापलेले पाणी खालच्या थंड पाण्यात मिसळते. बाष्पीभवनातही पुष्कळ उष्णता खर्ची पडते. कोरड्या वाळूला यांपैकी कशाचाच आधार नाही.

आता हाच नियम साऱ्या पृथ्वीला लावू. कोळसा व खनिज तेल जाळल्याने हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड वाढतो आणि पृथ्वीवरून अवकाशात जाणारी उष्णता अडवून धरतो. १८५० ते १९०० या काळाशी तुलना करता, २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. पण समुद्रावरील वाढ होती सुमारे ०.९ अंश, तर जमिनीवरील १.६ अंश!

मग सर्वांत वेगाने तापणारा प्रदेश कोणता? सहारा वाळवंट? मुळीच नाही! तो आहे उत्तर ध्रुवाभोवतीचा आर्क्टिक प्रदेश. १९७९ नंतर तो जगाच्या सरासरीच्या तिपटीहून अधिक वेगाने तापला आहे. पांढराशुभ्र बर्फ बरेचसे ऊन परतवून लावतो; पण तो वितळला की खालचे गडद पाणी उघडे पडते आणि तेच ऊन शोषून घेते. पाणी तापले की आणखी बर्फ वितळतो. असे हे चक्र चालूच राहते.

२०१५ साली पॅरिस येथे झालेल्या करारात ही वाढ १.५ अंशांवर रोखण्याचा प्रयत्न करायचे ठरले. पण वर्गाचे सरासरी गुण पन्नास म्हणजे काही प्रत्येकाला पन्नास नव्हेत! पृथ्वीच्या सरासरीत सुमारे ७१ टक्के वाटा समुद्राचा. आपली घरे, शेते, गुरेढोरे मात्र जमिनीवर. म्हणून जगाची सरासरी १.५ अंशांनी वाढली, तर जमिनीवर वाढ त्याहून जास्तच होणार. बातमीतला आकडा वाचताना हे ध्यानात ठेवा.

पटत नाही? मग दोन सारख्या वाट्या घ्या. एकीत कोरडी माती, दुसरीत पाणी भरून उन्हात ठेवा. दर दहा मिनिटांनी तापमापीने दोन्हींचे तापमान मोजून वहीत लिहा. तुमची वहीच तुम्हांला उत्तर देईल!