पाणीपुरवठा योजना आणि वनौषधी : परिणामांचे मूल्यमापन कोणी करावे?

विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात चरकाचार्यांनी जनपदोद्ध्वंसाचे विवेचन करताना वायू, उदक, देश व काल या चार भावांची विकृती वर्णिली आहे. दुष्ट उदकाची लक्षणे सांगताना आचार्य गंध, वर्ण, रस व स्पर्श यांच्या विकृतीपाशी थांबत नाहीत. जलचर व पक्षी ज्याला सोडून गेले, जो जलाशय क्षीण होत चालला, तोही ते या लक्षणांत गणतात. म्हणजे पाण्याबरोबर त्याच्या परिसराचीही परीक्षा वैद्याने करावी, अशी अपेक्षा आहे. सांप्रत ज्याला ‘पर्यावरणीय परिणाम मूल्यमापन’ म्हणतात, तो विषय आपल्याला परका नाही. तथापि चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत पाण्याच्या योजना आखल्या जात असताना वैद्यवर्ग त्यापासून दूर राहिला आहे, हे आम्हांस मान्य करावे लागते.

प्रथमच स्पष्ट केले पाहिजे की, गावांना पाणी मिळू नये असे कोणीही सुज्ञ म्हणणार नाही. चंद्रपूर जिल्ह्याच्या काही भागांतील भूजलात फ्लोराईड आहे. भारतीय मानकानुसार पेयजलात ते लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. अन्य स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. ठिसूळ, डागाळलेले दात घेऊन येणारी शाळकरी मुले व चाळिशीतच पाठ-गुडघे धरलेले शेतमजूर आपणां सर्वांच्या पाहण्यातले आहेत. अशा रुग्णास संधिगतवात वा आमवात ठरवून गुग्गुळकल्प सुरू करण्यापूर्वी ‘पाणी कोणत्या विहिरीचे, की बोअरचे?’ हा प्रश्न विचारावयास हवा. कठीण खडकातील खोल बोअरमध्ये हा दोष उघड्या विहिरीपेक्षा बहुधा अधिक आढळतो.

येथे औषधनिर्मात्यांसाठी एक गोष्ट विस्ताराने सांगावीशी वाटते. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात जलप्रसादनाची द्रव्ये सांगितली आहेत व त्यांत कतक म्हणजे निवळीचे बी अग्रणी आहे. निवळीने गढूळपणा खाली बसतो. विरघळलेले फ्लोराईड तिने जाईल असे मानू नये. उकळल्यानेही ते जात नाही. उलट पाणी आटते तसे त्याचे प्रमाण वाढते. चतुर्थांश उरविलेल्या क्वाथात, चोथ्यात राहील तेवढे सोडल्यास, ते मूळ पाण्याच्या चौपटीजवळ जाऊ शकते. अष्टमांश उरविल्यास त्याहूनही अधिक. क्वाथाची मात्रा अल्प असल्याने एकटा क्वाथ विषारी ठरेल असे नाही. तथापि जो रुग्ण दिवसभर तेच पाणी पितो, त्याच्या पोटात ही भर आपल्या हातून कशासाठी पडावी? आसवारिष्टे व क्वाथ यांसाठी वापरावयाचे पाणी वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व नंतर, प्रयोगशाळेत तपासून घेणे हा औषधालयाचा नित्यक्रम असावा.

फ्लोराईड काढण्याची तुरटी-चुन्याची ‘नालगोंडा’ पद्धती नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने विकसित केली. तिच्यातून साचणारा गाळ, किंवा गावोगावी बसविलेल्या आर. ओ. यंत्रांतून बाहेर पडणारे क्षारयुक्त पाणी कोठे जाते, हे मात्र क्वचितच कोणी पाहते. ते नाल्यात सोडले, तर गावाने गाळून काढलेला दोष खालच्या गावाकडे वाहत जातो.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट आहे. दोन हजार वस्तीच्या गावात हे १ लाख १० हजार लिटर होते. त्यातील चार पंचमांश जरी सांडपाणी झाले असे धरले, तरी रोज ८८ हजार लिटर पाण्याला वाट हवी. शोषखड्डे व गटारे यांची तरतूद नसेल, तर ते घरामागे साचते. गडचिरोली हा महाराष्ट्रातील हिवतापाचा मोठा भार वाहणारा जिल्हा आहे. धानपट्ट्यातील हत्तीपायाचे रुग्णही आपणांस नवे नाहीत. नळ आला की डासही येऊ शकतो, ही नोंद मूल्यमापनात असलीच पाहिजे.

दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो माजी मालगुजारी तलाव आहेत. गोंड राजवटीच्या आश्रयाने कोहळी समाजाने तलाव बांधणीची विद्या येथे रुजविली. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे गेले आणि पाळीची डागडुजी, गाळ काढणे ही गावाची कामे सुटत गेली. या तलावांच्या काठी व ओलाव्यात माका, मंडूकपर्णी, कोकिलाक्ष, नागरमोथा, पुनर्नवा ही द्रव्ये मिळतात. पाण्यात कमळ व शिंगाडा. विहिरींना पाझर लाभतो तो निराळाच. दूरच्या जलाशयातून नळ आला म्हणजे तलाव निरुपयोगी ठरतो व पुढे अतिक्रमणास मोकळा होतो. योजनेच्या कागदपत्रांत या हानीसाठी रकाना नसतो.

मोठ्या प्रकल्पांचा इतिहास बोलका आहे. वैनगंगेवरील गोसीखुर्दची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. पर्यावरणीय मूल्यमापन बंधनकारक करणारी पहिली अधिसूचना २७ जानेवारी १९९४ ची. नागपूरचे सांडपाणी नागनदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला मिळते व या जलाशयात येऊन थांबते. वरच्या शहराचे मलप्रवर्तन न पाहता खालच्या गावांच्या जलपानाचा विचार करणे म्हणजे निदान न करता चिकित्सा करणे होय. सिंदेवाही तालुक्यातील हुमन व आरमोरी तालुक्यातील तुलतुली हे प्रकल्प वनजमिनीच्या प्रश्नावर दशकानुदशके अडले. त्यांच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्याचा संतापही आम्ही समजू शकतो. इचमपल्ली व भोपालपट्टणम् धरणांस बाबा आमटे यांनी १९८० च्या दशकात विरोध केला, तेव्हा प्रश्न बुडणाऱ्या वनाचा व माडिया-गोंड वस्त्यांचा होता. त्याच गोदावरीवर तेलंगणाचा मेडीगड्डा बंधारा जून २०१९ मध्ये कार्यान्वित झाला. त्याच्या फुगवट्याने सिरोंचा तालुक्यातील शेतजमिनी बाधित झाल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये बंधाऱ्याचेच काही खांब खचले.

आता कायद्याकडे वळू. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेत नदीखोरे प्रकल्पांचे मोजमाप वीजनिर्मिती व सिंचनक्षेत्र यांवर ठरते. गावाची टाकी, जलवाहिनी वा लहान तलाव यांना ते बहुधा लागू होत नाही. मग वनातून जाणाऱ्या जलवाहिनीचा विचार करतो कोण? २००६ च्याच वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे पेयजल योजना, जलवाहिन्या, तलाव इत्यादी सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरहून कमी वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तोडता येत नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस आवश्यक असते. म्हणजे लहान योजनेचे खरे मूल्यमापन ग्रामसभेत होते. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविले व अशी सभा किती गांभीर्याने चालविता येते ते दाखविले.

परंतु कायदा झाडे मोजतो. सफेद मुसळी, शतावरी, गुळवेल ही त्या ७५ मध्ये येत नाहीत. शिवाय मुसळी पहिल्या पावसानंतर उगवते व हिवाळा लागताना तिची पाने सुकून जातात. एप्रिलमध्ये पाहणी करणाऱ्या अभियंत्यास ती भूमी उजाडच दिसणार. नाल्याकाठच्या अर्जुनाची तोडही केवळ संख्येने समजत नाही, कारण त्याच काठाने ओल धरून ठेवलेली असते. सुश्रुतांच्या भूमिप्रविभागीय अध्यायात व चरकांच्या कल्पस्थानाच्या आरंभी द्रव्यसंग्रहासाठी भूमिपरीक्षा सांगितली आहे. जांगल वा साधारण देशाला कालव्याच्या पाण्याने आनूप गुण येऊ लागले, तर त्याच नावाचे द्रव्य त्याच वीर्याचे राहील काय, यावर आमच्या महाविद्यालयांतून पदव्युत्तर प्रबंध व्हावेत असे आम्हांस वाटते. वर्षानुवर्षे त्याच त्या लेपांवर व गुटींवर प्रबंध लिहिण्यापेक्षा ते उपयोगी ठरतील.

जैवविविधता कायदा २००२ नुसार ग्रामपंचायत पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते व तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही. अनेक ठिकाणी या नोंदवह्या घाईने भरल्या गेल्या, असा आमचा अनुभव आहे : हिरडा, बेहडा, आवळा, मोह आणि पुढे रिकाम्या ओळी. ज्या औषधालयाचा कच्चा माल एखाद्या परिसरातून येतो, त्याच्या चालकाने तेथील पुजारी, माल गोळा करणाऱ्या स्त्रिया व वनमजूर यांच्यासह उन्हाळा, पावसाळा व हिवाळा अशा तीन फेऱ्या माराव्यात आणि स्थानिक माडिया-गोंडी नावासह द्रव्याची जागा नोंदवावी. योजनेचा नकाशा आला म्हणजे जलवाहिनी दोनशे पावले बाजूने नेण्याची सूचना याच नोंदीच्या आधारे करता येते. पुष्कळदा तेवढी पुरते.

मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी असल्यास किमान ३० दिवस आधी सूचना प्रसिद्ध होते, अहवालाचा सारांश मराठीत मिळतो व जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतात. लेखी निवेदन कोणालाही देता येते. निवेदनात द्रव्याचे नाव, ठिकाण, ऋतू व अंदाजे उपलब्धता एवढे चार स्तंभ असले, तरी त्याची नोंद घ्यावी लागते.