वैमानिकाची धूळपाटी

पूर्वीच्या शाळांत मुलांच्या हातीं कागद व शाई एकदम देत नसत. फळीवर बारीक धूळ पसरावयाची, तींत बोटानें अथवा काडीनें अक्षर गिरवावयाचें, आणि चुकलें तर हात फिरवून पुनः काढावयाचें, अशी ती धूळपाटी असे. तिचा मोठा गुण हा कीं, तिजवरील चुकीनें कोणाचें नुकसान होत नसे. विद्यार्थी मित्रांनो, ज्या विद्येंत एक चूक प्राणांवर बेतते, त्या विद्येसही अशी धूळपाटी असूं शकेल काय? हेलिकॉप्टर चालविण्यास शिकविणाऱ्या गुरूंपाशीं ती आहे. तिला सिम्युलेटर म्हणतात. तिजविषयीं व त्या गुरूच्या कामाविषयीं चार शब्द सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ही विद्या अवघड कां, तें पाहूं. वैमानिकाच्या डाव्या हातांत एक दांडा असतो. तो वर ओढला असतां डोक्यावरील सर्व पात्यांचा कोन एकदम वाढतो व यंत्र वर चढतें. उजव्या हातांतील दांड्यानें फिरणारें चक्र पुढें, मागें अगर बाजूस कलतें व यंत्र त्या दिशेस जातें. पायांखालच्या पट्ट्या शेपटीच्या लहान पंख्यावर ताबा ठेवितात. तो पंखा नसता तर पातीं एका बाजूस व यंत्राचें धूड उलट बाजूस फिरूं लागलें असतें. यांपैकीं एकास हात लाविला कीं इतर दोन सावरावीं लागतात. नवशिक्यास जागच्या जागीं अधांतरीं स्थिर राहणेंदेखील प्रथम साधत नाहीं.

आतां समजा, इंजिन बंद पडलें. अशा वेळीं डावा दांडा तत्काळ खालीं घ्यावा लागतो. तसें केलें म्हणजे खालून येणाऱ्या वाऱ्यानें पातीं जत्रेंतल्या भिरभिऱ्याप्रमाणें फिरत राहतात, आणि जमिनीजवळ येतांच त्याच फिरकीच्या जोरावर यंत्र हळू उतरवितां येतें. परंतु लहान हेलिकॉप्टरांत याला अवधि एकदोन सेकंदांचाच. तेवढ्यांत हात हलला नाहीं तर पात्यांची गति मंदावते व मग उपाय उरत नाहीं. शेपटीचा पंखा बंद पडला तर काय करावें, हें तर खऱ्या यंत्रांत खऱ्या रीतीनें शिकवितांच येत नाहीं.

ही अडचण जुनी आहे. अमेरिकेंत बिंगहॅम्टन गांवीं एडविन लिंक नांवाचा तरुण वडिलांच्या पियानो व ऑर्गनच्या कारखान्यांत काम करीत असे. त्यानें १९२९ सालीं ऑर्गनच्या भात्यांचाच उपयोग करून, जमिनीवर राहून विमानासारखें डोलणारें एक खोकें तयार केलें. आरंभीं त्यास गिऱ्हाईक मिळालें तें बहुतेक करमणुकीच्या बागांचें! पुढें १९३४ सालीं अमेरिकन सैन्याच्या वैमानिकांवर टपाल नेण्याचें काम पडलें, आणि रात्रीं व खराब हवेंत उडतांना थोड्याच आठवड्यांत अनेक तरुण प्राणांस मुकले. तेव्हां सैन्यानें लिंकचीं सहा यंत्रें विकत घेतलीं. दुसऱ्या महायुद्धांत लाखों वैमानिक त्यांवर शिकले.

आजचें यंत्र त्याच वंशांतलें होय. आंत खऱ्या हेलिकॉप्टरासारखी बैठक, समोर रुंद पडद्यावर आकाश व भूमि, आणि मोठ्या यंत्रांस खालीं लांबआखूड होणारे सहा पाय. पडद्यावर यंत्र सरळ दिसत असतां खोली हळूच मागें कलविली, म्हणजे पाठ आसनावर दाबली जाते आणि वेग वाढल्याचा भास होतो. बंगळूर येथें हिंदुस्थान एरोनॉटिक्स व कॅनडाची सीएई कंपनी यांनीं मिळून चालविलेल्या संस्थेंत २०१० सालापासून असें शिक्षण दिलें जातें. तेथें एकाच यंत्रांत निरनिराळ्या हेलिकॉप्टरांच्या बैठकी आलटून पालटून बसवितां येतात. जुहूहून मुंबई हायच्या तेलफलाटांवर कामगार नेणाऱ्या डॉफिन जातीचीही त्यांत आहे.

गुरु शिष्याच्या मागें बसतो. त्याच्यासमोर कळा असतात: रात्र, पाऊस, वारा, इंजिनाचा बिघाड, वाटेल तें तो आणूं शकतो. एक धडा पाहा. शिष्य स्वच्छ हवेंत निघतो. गुरु ढग खालीं आणितो, पण एकदम नव्हे, थोडथोडे. शिष्यास वाटतें, अजून दिसतें आहे, आणखी थोडें जाऊं. अखेर सारें पांढरें होतें. डोळ्यांस क्षितिज नसलें कीं कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय फसवूं लागतें. यंत्र वळत असतें आणि शरीर म्हणतें, आपण सरळ आहों. थोड्याच वेळांत जमीन येते. गुरु यंत्र थांबवितो. तो रागावत नाहीं, झालेलें उड्डाण पुनः दाखवितो व विचारतो, “परतण्याची वेळ कोणती होती?” शिष्य पाहतो, तों ती वेळ ढगांत शिरण्याच्या किती तरी आधीं येऊन गेलेली असते.

खऱ्या हेलिकॉप्टरांत हा धडा असा देतां येत नाहीं. तेथें जोडदांड्याशीं गुरूचा हात सदैव तयार असतो, व चूक वाढण्यापूर्वींच ती त्यास सावरावी लागते. म्हणून आपली चूक कोठवर गेली असती, हें शिष्यास दिसतच नाहीं. सिम्युलेटरांत गुरु हात आवरून बसूं शकतो. आणि जाणत्या मनुष्यास हात आवरणें हेंच कठीण.

तथापि या पाटीसही मर्यादा आहे. येथें मरण नाहीं हें मनास ठाऊक असतें, त्यामुळें खरी भीति येत नाहीं. आणि नक्कल कोठें चुकीची असेल तर संवयही चुकीची लागते. म्हणून चांगला गुरु येथेंही पट्टा बांधावयास लावितो, तपासणीची यादी पुरी वाचून घेतो, आणि अखेरचा विश्वास खऱ्या उड्डाणावरच ठेवितो.

हें सारें लिहितांना आम्हांस आमचाच वर्ग आठवला. फळ्यावर मुलगा गणित चुकूं लागला कीं दुसऱ्याच ओळीस आम्ही त्याच्या हातचा खडू घेतों. उत्तर बरोबर येतें, पण तें आमचें असतें. घरींही पालक प्रगतिपुस्तक पाहून “किती चुकलें?” एवढेंच विचारतात, आणि मूल चूक लपविण्यास शिकतें. पुढील वर्षीं आम्ही खडू थोडा उशीरां घेऊं. पालकांनींही “कोठें चुकलें?” असें विचारून त्याजवळ क्षणभर बसावें. आणि मुलांनो, वहींतली चुकलेली ओळ खोडून टाकूं नका. ती घेऊन आमच्याकडे या.