पेडल पायाला जुळवून घेताना

गिरगावातून दादरला मोटरसायकलने निघालं की नाना चौक, ताडदेव, सात रस्ता, चिंचपोकळी, लालबाग, परळ असे सिग्नलमागून सिग्नल लागतात. दक्षिणेकडून येणाऱ्यांना जे. जे. पुलावर बंदी, कोस्टल रोडवरही बंदी. म्हणजे पहिला-दुसरा गिअर, क्लच आणि मागचा ब्रेक हेच दिवसभर चालतं. मग घोटा, मनगट किंवा कंबर धरते आणि लोक सीटवर जाड कव्हर चढवतात. त्याआधी पाना हातात घ्यायला हवा.

बसण्याची ढब सीट, हँडल आणि फूटरेस्ट या तिन्हींवर ठरते. स्प्लेंडरसारख्या गाडीत फूटरेस्ट जवळजवळ कमरेखालीच येतो, त्यामुळे खड्डा दिसला की पायांवर भार देऊन बूड उचलता येतं. अ‍ॅव्हेंजरचा फूटरेस्ट पुढे असतो. पाय ऐसपैस पसरतात, पण उठता येत नाही आणि दणका थेट माकडहाडाला बसतो. स्पोर्ट बाइकचा मागे आणि उंच. संथ ट्रॅफिकमध्ये अंगाचा भार तळहातांवर येतो. या भागात रोज फिरायचं असेल तर माझी पसंती पहिल्या ढबीलाच.

फूटरेस्टची जागा बहुतेक गाड्यांत पक्की असते. पेडल मात्र हलवता येतं. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, नेहमीची पादत्राणं घालून बसा आणि पाय सहज टेकवा. ब्रेकचं पेडल चवड्याच्या किंचित खाली हवं. ते उंच असेल तर चवडा सतत वर धरावा लागतो आणि नडगीजवळचा स्नायू भरून येतो. फार खाली असेल तर ब्रेक लागायला उशीर होतो. तळव्याची जाडीही इथे मोजायची. पावसाळ्यातले गमबूट आणि एरवीच्या सँडल यांत पेडलची उंची वेगळी भासते. पाडव्याच्या शोभायात्रेत गिरगावातून नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्यांचे पाय काष्ट्यामुळे मोकळे राहतात, पण त्या दिवशी घालायच्या चपलांनिशी आदल्या संध्याकाळी एक फेरी मारून बघावीच.

ड्रम ब्रेकच्या बऱ्याच गाड्यांत पेडलची उंची अडसराच्या बोल्टने ठरते. चेकनट सैल करून तो थोडा फिरवायचा. मग मागच्या चाकाजवळच्या रॉडचा नट असा लावायचा की पेडल दोन-तीन सेंटिमीटर दबल्यावर ब्रेक धरेल. चाक हाताने फिरवा, घासता कामा नये. ब्रेकचा लाल दिवा वेळेवर लागतो का, तेही पाहा. उंची बदलली की त्याचा स्विचही नव्याने जुळवावा लागतो. मागे डिस्क असेल तर हे काम मेकॅनिककडेच द्या. तिथे ढील उरली नाही तर ब्रेक तापून चाक जाम होऊ शकतं.

गिअर लिव्हर दातेरी शाफ्टवर बसतो. जुनी जागा खडूने खुणवून एकच दाता सरकवा. तेवढ्यानेही बराच फरक पडतो. टाचेचा लिव्हर असेल तर पुढचं टोक उचललं की मागचं खाली जातं, म्हणून दोन्ही तपासा. जुन्या बुलेटमध्ये गिअर उजवीकडे आणि ब्रेक डावीकडे असतो.

क्लच आणि पुढच्या ब्रेकचे लिव्हर शेवटी. बोटं त्यांवर ठेवल्यावर कोपरापासून बोटांपर्यंत सरळ रेष यावी, मनगट वर मुडपू नये. क्लचला टोकाशी साधारण 10 ते 20 मिलिमीटर ढील ठेवा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल ताणली जात नाही ना, पाहा.

फूटरेस्टच पुढे-मागे नेणारे किट बसवण्याचा मोह होतो. पण मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मर्यादा घालतं, तेव्हा आधी आरटीओत विचारा.

सगळं झाल्यावर कुणाला तरी मागे बसवा. गाडी जमिनीवर आली, शॉकअब्सॉर्बर दबला की रॉडच्या ब्रेकची ढील थोडी बदलते. ती कमी झालेली वाटली तर नट अर्धा आटा सैल करून पुन्हा बघा.