घाटावरची हवा आणि इंजिनाचा श्वास

जव्हार-मोखाड्याकडून त्र्यंबकेश्वरला चढताना भरलेली, बिनटर्बोची लहान पेट्रोल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडकुंडीला येते आणि मागून आलेली टर्बोची गाडी तिला सहज ओलांडून जाते. त्र्यंबकेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे ७२० मीटरवर. किनाऱ्यावर हवेचा दाब १०१३ मिलिबार असतो, इथे तो ९३०च्या आसपास भरतो. दर श्वासाला सात-आठ टक्के हवा कमी, आणि जवळपास तेवढीच ताकद कमी. मग गॅरेजात प्रश्न निघतो : ‘मेस्त्री, टर्बोवाल्या गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड हिला बसवला तर?’

डोंगर आणि टर्बो यांचं नातं जुनं आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. १९१८ मध्ये अमेरिकेच्या सॅनफर्ड मॉस यांनी विमानाचं इंजिन ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक शिखरावर नेऊन, विरळ हवेत टर्बो गेलेली ताकद परत आणतो हे दाखवून दिलं. पण टर्बो बसतो एक्झॉस्टच्या बाजूला. जळालेल्या वायूवर त्याचं चाक फिरतं आणि दुसऱ्या टोकाचं चाक हवा दाबून आत ढकलतं. इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे हवा आत नेणाऱ्या नळ्यांचा संच, ती हवा सिलिंडरांना फक्त वाटतो, स्वतः दाब तयार करत नाही. मेस्त्रीला विचारलेल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

उरलेलं निम्मं मात्र फार सुंदर आहे. बिनटर्बोच्या इंजिनातल्या मॅनिफोल्डच्या नळ्या लांब आणि वळणदार का असतात? वेगाने आत धावणाऱ्या हवेच्या तोंडावर व्हॉल्व्ह बंद होतो, हवा तिथे दाटते आणि दाबाची लाट नळीतून आवाजाच्या वेगाने मागे फिरते. मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह दर ३० मिलिसेकंदांनी मिटतो. तेवढ्या वेळात आवाज सुमारे दहा मीटर जातो, म्हणजे अर्ध्या मीटरच्या नळीत लाट दहा वेळा ये-जा करते. व्हॉल्व्ह पुन्हा उघडा असताना ती नेमकी येऊन धडकली, तर थोडी जास्तीची हवा फुकट आत शिरते. तुतारीची लांबी जशी सूर ठरवते, तशी नळीची लांबी ही जास्तीची हवा कोणत्या फेऱ्यांवर मिळणार ते ठरवते. टर्बोच्या इंजिनात ढकलायला कॉम्प्रेसर असतोच, त्यामुळे तिथे नळ्या बहुधा आखूड ठेवतात. भरायची जागा कमी असली की दाब लवकर चढतो. हा आखूड मॅनिफोल्ड साध्या इंजिनावर चढवला, तर गाडी चालेल, पण खालच्या फेऱ्यांवरचा पिकअप जाईल. घाटात हवा असतो तो नेमका तोच.

उलटी अदलाबदल, म्हणजे साध्या इंजिनाचा मॅनिफोल्ड टर्बोच्या इंजिनावर, अधिक धोक्याची. साध्या इंजिनातला मॅनिफोल्ड आयुष्यभर ओढ सोसतो, फुगवणारा दाब नव्हे. आजकाल तो काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा, दोन-तीन भाग वितळवून जोडलेला असतो. टर्बोच्या दाबाखाली तो जोड उकलू शकतो. ब्रेक बूस्टरची नळी आणि इंजिनातली तेलकट वाफ ओढणारी नळी याच मॅनिफोल्डला जोडलेली असते. तिथे उलटा दाब अडवणारा व्हॉल्व्ह नसला, तर ब्रेक जड होतो आणि सीलमधून तेल बाहेर येतं. मॅनिफोल्डमधला दाब एक बारपर्यंतच मोजणारा सेन्सर तसाच राहिला, तर काँप्युटरला जास्तीची हवा दिसतच नाही. पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन भाजतो.

चाकणला बनलेल्या फोक्सवॅगन पोलोचं उदाहरण मला सर्वांत बोलकं वाटतं. एक लिटरचं बिनटर्बोचं एमपीआय आणि एक लिटरचं टर्बोचं टीएसआय, दोन्ही इंजिनं एकाच कुळातली तीन सिलिंडरची, दोन्ही ९९९ सीसीची. पहिल्याचा टॉर्क ९५ न्यूटन मीटर, दुसऱ्याचा १७५. पण एमपीआयमध्ये पेट्रोल व्हॉल्व्हच्या अलीकडे, इनटेकच्या वाटेवर फवारलं जातं, तर टीएसआयमध्ये थेट सिलिंडरमध्ये. शिवाय टीएसआयच्या मॅनिफोल्डच्या पोटातच दाबलेली हवा गार करणारा, पाण्याने थंड होणारा इंटरकूलर बसवलेला आहे. भंगारात स्वस्त मिळाला म्हणून तो आणणाऱ्याला इंजेक्टर, पंप, पाण्याचं सर्किट आणि काँप्युटर असं सगळंच आणावं लागेल.

जुन्या डिझेलची गोष्ट थोडी निराळी. त्यांत हवा अडवणारी झडप नसते, ब्रेकसाठी स्वतंत्र व्हॅक्युम पंप असतो. हेडचे स्टड आणि पॅकिंग जुळलं की मॅनिफोल्ड बदलून फारसं बिघडत नाही. पण फारसं मिळतही नाही.

आणि कायदाही आहेच. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२वर जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही.

म्हणून त्र्यंबकच्या चढासाठी गाडी नेताना मी मॅनिफोल्ड बदलायला सांगत नाही. त्याचं पॅकिंग हवा खातंय का ते धूर सोडून तपासायला सांगतो, फिल्टर बदलायला सांगतो, आणि चढ लागण्याआधीच गिअर खाली घ्यायला.