‘आमच्या घरात कुणी साठी ओलांडत नाही’

“ताई, आमच्या घरात कुणी साठी ओलांडत नाही. रक्तातच आहे ते. मग बीपीची गोळी खाऊन काय होणार?” पोलादपूरकडच्या एका वस्तीत एका दादांनी मला विचारलं. वडील आणि थोरले भाऊ लकव्यानं गेलेले. स्वतःचं वय पंचावन्न, बीपी 170/100 आणि गोळी बंद. महाड-पोलादपूरच्या वस्त्यांत असं बोलणं नेहमी कानावर येतं, म्हणून आज हा विषय.

आई-वडिलांकडून आपल्याला जनुकं, म्हणजे जीन्स मिळतात. बीपी, मधुमेह, हृदयविकार यांचा कल त्यांतून येतो, हे खरं आहे. पण त्यांचा वाटा किती? डेन्मार्कमध्ये 1870 ते 1900 या काळात जन्मलेल्या जुळ्या भावंडांचा अभ्यास झाला. कोण किती जगलं, यातल्या फरकाचा साधारण चौथा हिस्सा जनुकांचा निघाला. इतर अभ्यासांत हा आकडा कमी-जास्त येतो. पण सगळं जनुकांवरच अवलंबून आहे, असं कुठलाच अभ्यास सांगत नाही. अन्न, काम, व्यसन, औषधोपचार यांचाही वाटा मोठा आहे.

शिवाय घराण्यात दिसतं ते सगळं जनुकांतूनच आलेलं नसतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं कमी होती, पण अंगात चरबी त्या मानानं जास्त होती. अशा शरीराला पुढे मधुमेहाचा धोका अधिक. गरोदरपणात पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खाणाऱ्या मातांची बाळं मात्र मोठी भरली. म्हणजे आईच्या ताटात जे पडलं नाही, त्याची खूण लेकराच्या अंगावर राहते. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या आपल्या समाजानं हे नीट ध्यानात घ्यावं. बारीक माणसालाही मधुमेह होतो.

मग करायचं काय?

• घरात आजार असेल तर तपासणी लवकर करा. तिशीनंतर आरोग्य उपकेंद्रात बीपी आणि साखर मोफत तपासतात.
• बरं वाटतं म्हणून गोळी स्वतःहून सोडू नका.
• खारवलेली सुकी मासळी, लोणचं, पापड, वरून घेतलेलं मीठ कमी करा.
• मिश्री, तंबाखू, विडी, दारू सोडा.
• गरोदर सुनेला शेवटी उरलेलं वाढू नका. पालेभाजी, डाळ, अंडं, नाचणीची भाकरी आधी तिच्या ताटात.

त्या दादांनी गोळी पुन्हा सुरू केली. जयंतीला मुंबईहून गावी आलेल्या मुलालाही दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात नेलं. वय बत्तीस. दोनदा तपासलं, त्याचाही बीपी वाढलेलाच. आजोबांना जे शेवटपर्यंत कळलं नाही, ते नातवाला बत्तिसाव्या वर्षी कळलं. आता त्यावर उपाय करायला त्याच्या हातात वेळ आहे.