चेहऱ्याचे चित्र

झाडाचे चित्र काढताना एखादी फांदी थोडी इकडची तिकडे झाली, तर कोणी हरकत घेत नाही. डोंगराचा उतार कमीजास्त झाला, तरी डोंगर तो डोंगरच राहतो. माणसाच्या चेहऱ्याचे मात्र तसे नाही. ओठाचा कोपरा जवभर खाली उतरला, की हसरा मनुष्य खिन्न दिसू लागतो. दोन डोळ्यांतील अंतर थोडे वाढले, की ओळखीचा माणूस अनोळखी होतो. म्हणूनच व्यक्तिचित्रण हा चित्रकलेचा एक कठीण प्रकार मानला जातो. परंतु कठीण म्हणजे असाध्य नव्हे. ही कला ज्याला जन्मतः लाभली त्यालाच ती येते, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः तिचा मोठा भाग नीट पाहण्याच्या सवयीवर अवलंबून असतो आणि ही सवय कोणालाही लावून घेता येते.

जर्मनीतील न्यूरेंबर्ग या नगरात १४७१ साली एका सोनाराच्या घरी आल्ब्रेख्त ड्यूरर याचा जन्म झाला. पुढे तो युरोपातील एक थोर चित्रकार म्हणून प्रसिद्धीस आला. १४८४ साली, तेरा वर्षांच्या सुमारास, त्याने आरशात पाहून स्वतःचे चित्र काढले. लेप दिलेल्या कागदावर रुप्याच्या तारेच्या लेखणीने ते रेखाटलेले आहे. अशा लेखणीची रेघ सहजासहजी पुसता येत नाही. म्हणून प्रत्येक रेघ ओढण्यापूर्वी नीट पाहणे भागच असते. लहान असताना आपण हे चित्र आरशात पाहून काढले, अशी नोंद ड्यूररने पुढे त्यावर स्वतः लिहून ठेवली. व्हिएन्ना येथील आल्बेर्टिना संग्रहालयात ते आजही जपून ठेवलेले आहे.

नवशिक्याचे चित्र फसते ते बहुधा हात चुकल्यामुळे नव्हे, तर डोळ्यांऐवजी मनाने पाहिल्यामुळे. डोळा म्हणजे माशासारखी आकृती आणि तीत एक काळा गोल, नाक म्हणजे दोन उभ्या रेघा, असे ठरीव आकार मनात लहानपणापासून घर करून बसलेले असतात. समोर बसलेला माणूस कोणीही असो, कागदावर हेच आकार उतरतात आणि सर्व चेहरे एकसारखे दिसतात.

ज्याचे चित्र काढावयाचे, त्याला खिडकीच्या एका बाजूस स्वस्थपणे बसवावे. एकाच दिशेने प्रकाश आला, म्हणजे चेहऱ्याचा एक भाग उजळतो, दुसरा छायेत जातो आणि त्याचे चढउतार स्पष्ट होतात. चित्र काढणाऱ्याने त्याच्या डोळ्यांच्या पातळीत बसावे. प्रथम डोक्याचा एकंदर आकार फिकट रेषांनी मांडावा. डोके कोणीकडे कलले आहे, मान कशी वळली आहे, हे आधी पाहावे. पाया घातल्यावाचून कोणी खिडक्यादारे बसवीत नाही; त्याचप्रमाणे आकार बसल्यावाचून डोळ्यांच्या पापण्या रंगवू नयेत.

यानंतर प्रमाणांचा विचार येतो. माथ्यापासून हनुवटीपर्यंतच्या अंतराचा मध्य काढून आडवी रेघ ओढली, तर प्रौढ माणसाचे डोळे सामान्यतः तिच्यावर येतात. नवशिके ते फार वर काढतात. याचे कारण मौजेचे आहे. कपाळात आणि केसांखालच्या माथ्यात पाहण्यासारखे काही नाही, असे मनाला वाटते; म्हणून मन त्यांची जागा परस्पर कमी करून टाकते. दोन डोळ्यांच्या मध्ये साधारण एका डोळ्याइतके अंतर असते. भुवया आणि हनुवटी यांच्या सुमारे मध्यावर नाकाचे बूड येते आणि समोरून पाहिल्यास कान बहुधा भुवई व नाकाचे बूड यांच्या दरम्यान बसतात. तान्ह्या मुलाचे कपाळ मोठे असल्यामुळे त्याचे डोळे मध्यरेषेच्या खाली येतात.

ही प्रमाणे केवळ आधारासाठी आहेत. ड्यूररने अनेक वर्षे माणसांची मापे घेऊन मानवी देहाच्या प्रमाणांवर चार भागांचा ग्रंथ रचला. त्याच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी, म्हणजे १५२८ साली, तो प्रसिद्ध झाला. त्यात त्याने एकच आदर्श देह न देता कृश, स्थूल अशा नाना तऱ्हांच्या देहांची मापे दिली. सामान्य प्रमाणापासून एखादा चेहरा जेथे वेगळा होतो, तेथेच त्याची ओळख असते. कोणाचे नाक लांब, कोणाची हनुवटी आखूड. हा फरक हेरणाऱ्यालाच साम्य साधते.

फरक मोजण्याची युक्ती सोपी आहे. हात ताठ करून पेन्सिल समोर उभी धरावी व एक डोळा मिटावा. पेन्सिलीचे टोक भुवईशी जुळवून अंगठा नाकाच्या बुडाशी आणावा. मग तेच माप नाकाच्या बुडापासून हनुवटीपर्यंत लावून पाहावे. मोजताना कोपर वाकवू नये. हात जवळ आला की माप बदलते. गवंडी ज्याप्रमाणे ओळंबा सोडून भिंत पाहतो, त्याप्रमाणे पेन्सिल उभी धरून डोळ्याच्या कोपऱ्याखाली नाकपुडी येते की ओठाचा कोपरा येतो, हेही पाहावे.

आता छायाप्रकाश. डोळे किंचित मिटून चेहऱ्याकडे पाहिले, की बारीकसारीक तपशील नाहीसे होतात आणि उजेडाचे व अंधाराचे मोठे भाग तेवढे उरतात. तेच भाग आधी कागदावर आणावे. नाकाच्या कडेला खरोखर रेघ नसते. तेथे छाया असते. डोळ्यांतील पांढरा भागही अगदी शुभ्र नसतो, कारण वरच्या पापणीची सावली त्यावर पडते. केस एकेक करून काढू नयेत. त्यांचा पुंजका एक आकार म्हणून पाहावा.

रंग भरतानाही हीच दृष्टी ठेवावी. अंगाचा म्हणून एकच रंग पेटीत शोधणारा फसतो. कान, नाकाचा शेंडा व गाल यांवर तांबूस छटा असते. अंगावरील वस्त्राचा रंगदेखील हनुवटीखाली हलकेच उमटतो. जलरंगात प्रकाश दाखविण्यासाठी कागदाचा पांढरेपणा राखून ठेवावा लागतो. म्हणून फिकट रंग आधी द्यावा, तो वाळू द्यावा आणि मग गडद रंगाकडे वळावे. सावंतवाडीस जन्मलेले चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२-१९६८) जलरंगांत निष्णात होते. म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील 'ग्लो ऑफ होप' या त्यांच्या प्रसिद्ध चित्रात एक स्त्री हाती दिवा घेऊन उभी आहे. ज्योत विझू नये म्हणून तिने दुसरा हात आड धरला आहे आणि उजेड झिरपल्याने तिची बोटे लालसर झाली आहेत. ठरीव रंग वापरणाऱ्याला अशी बोटे रंगविता आली नसती.

चित्र पुरे होत आले, की ते आरशात पाहावे अथवा उलटे धरून दूर ठेवावे. डोळ्यांना सरावाने न दिसणाऱ्या चुका अशा वेळी चटकन दिसतात.

ड्यूररने १५१४ च्या मार्च महिन्यात आपल्या आईचे चित्र कोळशाने काढले. तिचे वय तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे होते. तिला अठरा अपत्ये झाली व त्यांतील बहुतेक अल्पायुषी ठरली. कपाळावरच्या आठ्या, वर आलेली गालांची हाडे, मानेच्या ताणलेल्या शिरा, यांपैकी काहीही मुलाने झाकले नाही वा गुळगुळीत केले नाही. दोन महिन्यांनी ती माउली वारली आणि ड्यूररने त्याच कागदावर तिच्या मृत्यूची नोंद केली. पाचशे वर्षे लोटली, तरी त्या कष्टी व धीराच्या चेहऱ्यापुढे पाहणारा थबकतो.

प्रत्येक घरात असा एखादा चेहरा असतो. सुटीच्या दिवशी आजीला खिडकीपाशी बसवून अर्धा तास तिच्याकडे पाहावे व हातात पेन्सिल घ्यावी. पहिल्या प्रयत्नात साम्य कदाचित साधणार नाही. परंतु रोज दिसणाऱ्या त्या चेहऱ्यात आजवर न पाहिलेले किती होते, हे त्या अर्ध्या तासात कळून येईल.