परमुलखात साहाय्य कोठे मागावे?

भारतीय संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात ‘सार्वजनिक साहाय्य’ असा एक शब्दप्रयोग आहे. बेकारी, वार्धक्य, आजारपण, अपंगत्व किंवा अशीच दुसरी हलाखी ओढवली असता नागरिकाला साहाय्य मिळण्याचा हक्क असावा आणि राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत त्याची तजवीज करावी, असा त्याचा आशय. हे मार्गदर्शक तत्त्व आहे. केवळ त्याच्या बळावर न्यायालयात दाद मागता येत नाही. तथापि पुढील काळात त्याला धरून जे कायदे झाले आणि ज्या योजना निघाल्या, त्यांची संख्या आता इतकी वाढली आहे की, साहाय्य आहे की नाही हा प्रश्न मागे पडून ते कोणत्या दारात मिळते हाच प्रश्न गरजवंतापुढे उभा राहतो. गावातला माणूस शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून ते दार हुडकून काढतो. पोटासाठी परमुलखात गेलेल्याची मात्र पंचाईत होते. कारण काही साहाय्य माणसाबरोबर प्रवास करते आणि काही त्याच्या गावाच्या वेशीवरच थांबते.

हा भेद एका उदाहरणाने स्पष्ट करतो. समजा, नांदेड जिल्ह्यातील एक कुटुंब इमारतीच्या कामावर हैदराबादेस गेले आहे. हा रस्ता जुनाच. १९५६ पर्यंत नांदेड हैदराबाद राज्यातच होते आणि तेव्हाच्या राजधानीशी त्या भागाचा संबंध अजूनही तुटलेला नाही. तेथे घरचा कर्ता पुरुष आजाराने दगावतो. मागे राहतात ती पत्नी, एक चार वर्षांचे मूल आणि एक नऊ वर्षांचे. आप्तेष्ट म्हणतात, ‘आता गावी चल, तेथेच काय ते होईल.’ ती जर तशीच उठून गावी गेली, तर पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम हैदराबादेतच राहून जाते. ते काम म्हणजे मृत्यूचा दाखला.

जन्ममृत्यूची नोंदणी १९६९ च्या कायद्यान्वये होते आणि ती होते घटना जेथे घडली तेथे. माणूस नांदेडचा असला, तरी मृत्यू हैदराबादेत झाला असल्यास दाखला तेथील महानगरपालिकेचाच हवा; गावची ग्रामपंचायत तो देऊ शकत नाही. नोंदणीची मुदत २१ दिवसांची. मृत्यू रुग्णालयात झाला असेल, तर कळविण्याची जबाबदारी रुग्णालयाची. घरी झाला असेल, तर घरच्यांची. मुदत टळल्यावरही नोंद होते, पण विलंब जसजसा वाढतो तसतशी शुल्के, प्रतिज्ञापत्रे आणि वरिष्ठांच्या परवानग्या वाढत जातात. दुःखाच्या त्या दिवसांत कागदाचे भान कोणाला राहणार, हे खरेच. परंतु निवृत्तिवेतन, कामगार मंडळाची मदत, बँकेतील शिल्लक, विमा, या सर्वांच्या कुलपाला हीच एक किल्ली लागते. म्हणून नावाचे आणि वयाचे अक्षर न् अक्षर तपासून दाखल्याच्या चारपाच प्रती घ्याव्यात. आधारपत्रावर एक नाव आणि दाखल्यावर दुसरे, एवढ्या कारणावरून अडून पडलेली प्रकरणे प्रत्येक तहसील कचेरीत सापडतात.

आता तिच्याबरोबर काय काय प्रवास करते ते पाहू. पहिले म्हणजे धान्य. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. पूर्वी हे धान्य शिधापत्रिका ज्या दुकानाला जोडलेली असेल तेथेच मिळे आणि परगावी गेलेल्याची पत्रिका ट्रंकेत पडून राही. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि तेलंगण-आंध्र प्रदेश या दोन जोड्यांत पत्रिका कोठेही चालण्याचा प्रयोग सुरू झाला आणि जून २०२२ पर्यंत सारा देश त्यात आला. त्यामुळे नांदेडची पत्रिका हैदराबादेतील रास्त भाव दुकानात चालते. पत्रिकेचा किंवा आधारचा क्रमांक सांगावयाचा आणि यंत्रावर अंगठा ठेवावयाचा, एवढेच. सासूसासरे गावी असतील, तर त्यांनी आपला हिस्सा तिकडे उचलावा आणि हिने आपला इकडे. राज्य सरकार स्वतःच्या खर्चाने जी जादा वस्तू देते ती मात्र त्या राज्यापुरतीच. आणखी एक गोष्ट स्त्रियांनी अवश्य ध्यानात ठेवावी: या कायद्याने शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख ठरविली आहे ती घरातील अठरा वर्षांवरील ज्येष्ठ स्त्री. पती गेला म्हणून पत्रिका जात नाही. त्याचे एक नाव तेवढे कमी होते. दुकानदार नकार देऊ लागल्यास १९६७ या क्रमांकावर तक्रार करता येते.

धाकट्या मुलासाठी अंगणवाडी. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील केवळ ३३ गटांत सुरू झाली. आज ती वस्तीवस्तीत आहे. सहा वर्षांखालील मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांना तेथे पूरक आहार, लसीकरण आणि आरोग्यतपासणी मिळते. त्यासाठी दारिद्र्यरेषेचा दाखला लागत नाही आणि मूल मूळचे कोणत्या राज्याचे हेही आडवे येत नाही. माझ्या मते नवख्या गावात पहिली ओळख करून घ्यावी ती अंगणवाडीच्या बाईंची. कोणती कचेरी कोठे आहे, कोणता कारकून कोणत्या वारी भेटतो, हे त्यांना जितके ठाऊक असते तितके पुष्कळदा अधिकाऱ्यांनाही नसते.

थोरल्या मुलाच्या शाळेबाबत भीती असते ती ‘दाखला नाही’ याची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलास वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि जुन्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला, हेही नकाराचे कारण होऊ शकत नाही. आजारपणासाठी आयुष्मान भारत योजनेचे कार्ड असेल, तर योजनेत सामील असलेल्या परराज्यातील मान्यताप्राप्त रुग्णालयातही ते चालते. तेथे आरोग्यमित्राचे टेबल विचारावे.

काही साहाय्य मात्र ना माणसाचे असते ना गावाचे. ते त्याने जेथे घाम गाळला त्या जागेचे असते. बांधकाम कामगारांचे कल्याण मंडळ हे त्याचे ठळक उदाहरण. १९९६ च्या कायद्यांनी अशी मंडळे राज्याराज्यांत उभी राहिली. इमारतीच्या खर्चावर बसविलेल्या उपकरातून त्यांचा निधी जमतो. वर्षात किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेल्या, १८ ते ६० वर्षे वयाच्या मजुराची तेथे नोंदणी होते. अशा नोंदलेल्या कामगाराचा मृत्यू झाल्यास वारसाला मदत मिळते. आपल्या उदाहरणातील पतीने हैदराबादेत नोंदणी केली असल्यास अर्ज तेथीलच कामगार कार्यालयात करावयाचा. केली नसल्यास हे दार बंद, आणि दुर्दैवाने पुष्कळांच्या बाबतीत असेच घडते. कारण नव्वद दिवसांचे प्रमाणपत्र मिळविण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते. जे आज कामावर आहेत त्यांनी ती एका दिवसाची मजुरी बुडवावी, असे मी आग्रहाने सांगेन. मृत्यू कामावरील अपघाताने आला असेल, तर गोष्ट निराळी. तेथे भरपाई देण्याचे दायित्व मालकाचे असते आणि तो काही उपकार करीत नसतो.

राहिले विधवेचे निवृत्तिवेतन. खरी गुंतागुंत आहे ती येथे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रमातून केंद्राचा एक लहानसा वाटा येतो आणि त्यात प्रत्येक राज्य आपली भर घालते. ही भर राज्यागणिक निराळी, आणि म्हणूनच प्रत्येक राज्य ती आपल्या रहिवाशांपुरती राखून ठेवते. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी राज्यातील पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट आहे. तेव्हा हैदराबादेस येऊन दोनतीन वर्षेच झालेल्या आपल्या भगिनीने तेलंगणाच्या कचेरीत खेटे घालण्यापेक्षा आपल्या मूळ तालुक्याच्या तहसील कचेरीत अर्ज करणे श्रेयस्कर. अर्ज गावचा असला, तरी पैसे बँकेच्या खात्यात पडतात आणि खाते कोठूनही चालते. मात्र वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की अनुदान थांबते. त्याच कचेरीत राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचाही अर्ज द्यावा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबातील १८ ते ५९ वर्षांचा कर्ता मिळवता माणूस गेल्यास एकरकमी २०,००० रुपये मिळण्याची त्यात तरतूद आहे. निवृत्तिवेतनाची वार्ता गावात असते. हिची क्वचितच असते.

एक गोष्ट येथे ओघानेच सांगावीशी वाटते. योजनांना थोरामोठ्यांची नावे देण्याची आपल्याकडे प्रथा पडली आहे. नावामागे आदर असेल, पण त्या नावावरून आत काय आहे ते कळत नाही. आपल्या खेड्यांतील लोकांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला आहे. ते तिला सरळ ‘निराधारांचा पगार’ म्हणतात. अधिकाऱ्यांच्या नावांचीही तीच तऱ्हा. महाराष्ट्रात आणि गुजरातेत जो तलाठी तोच मध्य प्रदेशात पटवारी आणि उत्तर प्रदेशात लेखपाल. तेलंगणात तालुक्याला ‘मंडल’ म्हणतात, तहसीलदार मात्र तेथेही तहसीलदारच. दाखले देणाऱ्या केंद्रावर तेथे ‘मी सेवा’ अशी पाटी असते. तेलुगूतील ‘मी’ म्हणजे मराठीतला मी नव्हे, ‘आपली’. अशा वेळी भाषा जाणणारा सोबती मिळाला, तर निम्मे काम हलके होते. इंदूर, बडोदे, हैदराबाद, दिल्ली यांसारख्या शहरांतून मराठी माणसांची मंडळे आणि शिक्षणसंस्था वर्षानुवर्षे नांदत आहेत. गणेशोत्सवाच्या वर्गणीपुरताच त्यांच्याशी संबंध ठेवण्याचे कारण नाही. अर्ज वाचून दाखविणे, कचेरीपर्यंत बरोबर जाणे, एवढे तेथील एखादा सेवानिवृत्त सभासद आनंदाने करील. त्याला कोणीतरी सांगावयास मात्र हवे.

अर्ज कोठेही द्या, पोच घेतल्यावाचून खिडकी सोडू नका. अर्ज दिला त्या दिवशी नव्हे, तर पोच मिळाली त्या दिवशी तो कचेरीच्या लेखी जन्माला येतो. ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला तेव्हाही पंधरा दिवसांत काम न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा, अशी तरतूद होती. आणि ते पंधरा दिवस मोजावयाचे, तर मागणीच्या तारखेचा कागद हाती हवाच. पुढे २०१० मध्ये मध्य प्रदेशाने ठरावीक मुदतीत सेवा देण्याचा देशातील पहिला कायदा केला. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. रहिवासाचा, उत्पन्नाचा असे दाखले कोणत्या अधिकाऱ्याने किती दिवसांत द्यावयाचे, हे त्यान्वये अधिसूचित असते. मुदत टळल्यास पहिले अपील, मग दुसरे, आणि त्यानंतर आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. ज्याच्यापाशी पोच नाही त्याला यांपैकी कोणतीच पायरी चढता येत नाही.

तक्रार तोंडी सांगावयाची असल्यास तिचेही वार ठरलेले आहेत. महाराष्ट्रात जिल्हाधिकारी कचेरीत महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, तेलंगणात सोमवारी प्रजावाणी आणि मध्य प्रदेशात मंगळवारी जनसुनवाई.

हे सारे करूनही कोणी दाद घेत नसेल, किंवा मुळात अर्जच लिहिता येत नसेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात एक कार्यालय असते, त्याचे नाव जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. १९८७ च्या कायद्याने ते निर्माण झाले. पुष्कळांची समजूत अशी की, तेथे केवळ खटल्यासाठी वकील मिळतो. वास्तविक निवृत्तिवेतनाचा किंवा शिधापत्रिकेचा अर्ज तयार करून देण्यासही तेथील विधि स्वयंसेवक साहाय्य करतात, आणि मालकाकडून अपघाताची भरपाई मागावयाची असल्यास वकीलही नेमून मिळतो. स्त्रिया, मुले, अनुसूचित जातिजमातींचे नागरिक आणि अपंग व्यक्ती यांच्या बाबतीत उत्पन्न विचारले जात नाही, आणि शुल्कही नाही. तेव्हा हैदराबादेतील आपल्या त्या भगिनीला नांदेडची कचेरी दाद देईना, तर तिने केवळ विचारपूस करण्यासाठी रेल्वेचे तिकीट काढू नये. तिने तेथूनच १५१०० हा क्रमांक फिरवावा, किंवा जवळच्या न्यायालयाच्या आवारात जाऊन या कार्यालयाची पाटी शोधावी. नांदेडच्या प्राधिकरणाकडे तिचे प्रकरण कसे पाठवावयाचे, ते तिला तेथे विचारता येईल.